बेटम्याचं पाणी आणि माझ्या नावावरचं धाडस

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचे प्रमुख श्रीमंत अप्पासाहेब, माझ्या डाव्या हाताला बसलेले प्राचार्य बाळकृष्णपंत तारे, माझे सहकारी प्राध्यापक, आजी-माजी विद्यार्थी, समोर बसलेल्या भगिनी, आणि मागच्या खिडकीत बसून घेतलेले, आमंत्रण नसताना प्रेमानं आलेले सर्व इंदूरकर बंधू, आपणा सर्वांना या निवृत्त होणाऱ्या लक्ष्मीकांत दिघ्याचा नमस्कार.

माझ्या आधी बरीच भाषणं झाली. ती ऐकताना मी दोनदा मागं वळून पाहिलं. म्हटलं, हे दिघे म्हणून कोणी थोर गृहस्थ आहेत, ते आलेत तरी का? 'निर्भीड' हा शब्द इतक्यांदा आला की मला संकोच वाटू लागला. एका वक्त्यानं तर मला सिंह म्हटलं. त्या क्षणी पहिल्या रांगेत आमच्या सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. पुष्कळांना वाटलं असेल की त्यांना गहिवरून आलं. तसं नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो.

मी जन्मभर विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगत आलो. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं तेच वहीत काढा, पुस्तकातलं सुबक चित्र उतरवू नका. आणि आज माझंच चित्र पुस्तकातलं निघालं! तेव्हा सत्काराला उत्तर देण्याआधी थोडी दुरुस्ती करू द्या. बेटम्याच्या पाण्याचं ते प्रकरण, ज्यासाठी आपण मला ही शाल दिलीत, ते कसं घडलं ते जसं दिसलं तसं सांगतो. नवीन मंडळींना ते ठाऊकही नसेल.

चार वर्षांपूर्वी आपल्या जीवशास्त्र विभागाचे प्रमुख होते डॉक्टर शरच्चंद्र महाशब्दे. उंचेपुरे, गोरेपान, बोलायला लागले की वर्गातले पंखे थांबून ऐकतील असा आवाज. मला या कॉलेजात त्यांनीच आणलं. माझ्या लेकीच्या, यशोधरेच्या लग्नात वाढायला उभे राहिलेले गृहस्थ. आजही मी त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणतो. ते खलपुरुष होते अशी कुणाची समजूत असेल तर ती आधी काढून टाका. खलपुरुषाविरुद्ध तक्रार करायला काय लागतं?

डॉक्टरसाहेबांनी एक पूड तयार केली होती. शेवग्याचं बी आणि भाजकी माती. गढूळ पाण्यात चिमूटभर टाकली की गाळ खाली बसायचा आणि पाणी आरशासारखं नितळ व्हायचं. त्यांनी तिला 'निर्मल चूर्ण' नाव दिलं आणि एका नामांकित नियतकालिकात निबंध छापला की या पुडीनं पाणी नुसतं नितळ नव्हे, जंतुरहित होतं. कॉलऱ्याचं भय उरत नाही. मध्यभारत सरकारच्या आरोग्य खात्याला ही कल्पना फार आवडली. ठरलं असं, की येत्या पावसाळ्यात बेटमा आणि आसपासच्या गावांत विहिरींत जंतू मारायची लाल दवा टाकणं बंद करायचं आणि घरोघर ही पूड वाटायची. आपल्या कॉलेजचं नाव वर्तमानपत्रात आलं. डॉक्टरसाहेबांच्या सत्कारासाठी समिती स्थापन झाली.

आता त्या निबंधामागचे प्रयोग प्रत्यक्ष कोणी केले? कुमुदिनी मोघे यांनी. त्या आमच्याकडे तात्पुरत्या जागेवर प्रयोगशिक्षिका होत्या. प्रयोग साधा असतो. काचेच्या पसरट बशीत खळीसारखा एक थर ओततात, त्यावर पाण्याचे थेंब पसरतात आणि बशी उबेत ठेवतात. पाण्यात जंतू असले तर थरावर साबुदाण्यासारखे ठिपके उगवतात. नसले तर बशी कोरी राहते.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत कुमुदिनीबाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात बशा. म्हणाल्या, "सर, जरा बघता?"

मी बघितलं. ठिपकेच ठिपके. म्हटलं, "हे पूड टाकण्याआधीचं ना?"

"नाही सर. पूड टाकल्यानंतरचं. आधीचंही असंच दिसतं. पाणी नितळ होतं, पण जंतू तसेच राहतात. निबंधात मात्र छापलंय की बशा कोऱ्या निघाल्या. माझी एकही बशी कोरी निघाली नव्हती."

"डॉक्टरसाहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, तुमचे हात स्वच्छ नसतील, पुन्हा करा. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग म्हणाले, नवशिक्याच्या हातून असं होतंच, मला निकाल काय यायला हवा ते ठाऊक आहे."

मंडळी, सिंहानं यावर काय केलं असेल? सिंहानं दाराकडे पाहिलं, ते लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "हे आणखी कुणाला दाखवलंत का?" त्या "नाही" म्हणाल्या तेव्हा सिंहाला बरं वाटलं.

तरी पण मी शब्द दिला की मी डॉक्टरसाहेबांशी बोलतो. रविवारी सकाळी रामबागेत त्यांच्या घरी गेलो. वाटेत तांग्यात बसून वाक्यं घोकत होतो. तांगेवाला म्हणाला, "भिया, किससे बात कर रिये हो?" घरी पोचलो तर पोहे तयार, वर शेव, लिंबू. डॉक्टरसाहेब म्हणाले, "या दिघे, तुमचीच आठवण काढत होतो." तास-दीड तास बसलो. दुसऱ्या दिवशी कुमुदिनीबाईंनी विचारलं, "सर, विषय काढलात?"

"काढला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, यंदा उन्हाळा लवकर लागणार."

मी त्यांना पुढचं सांगितलंच नाही, की मी त्या घरातून सत्कार समितीचा चिटणीस होऊन बाहेर पडलो होतो.

घरी मात्र सांगावं लागलं. आमच्याकडे जेवताना सगळं निघतं. सुमननं शांतपणे ऐकून घेतलं. तिचं माहेर बेटम्याचं. तिचे भाऊ शरदराव तिथंच शेती बघतात. आदल्या साली कॉलरा आला त्यात त्यांची पत्नी शशिकला गेली. सकाळी धुणं धुऊन आली होती, दिवेलागणीला नव्हती. सुमननं माझ्या ताटात आमटी वाढली आणि विचारलं, "ती पूड टाकलेलं पाणी तुम्ही प्याल?"

मी म्हटलं, "मी कशाला पिऊ? उकळल्याशिवाय तर मुळीच नाही."

"मग शरदच्या पोरांनी का प्यावं?"

हात धुतले आणि तक्रार लिहायला बसलो.

तक्रार लिहिली ती इंग्रजीत. पहिल्या पानावर सत्य आणि विज्ञान यांचं नातं. दुसऱ्यावर प्राचीन भारतातला जलविचार. पुढं पुढं तर मला स्वतःचंच लिहिणं इतकं आवडलं की थांबवेना. कुमुदिनीबाईंनी ते सगळं वाचलं आणि विचारलं, "सर, ह्यात तक्रार कुठं आहे?" मग त्यांनी एका पानात लिहिलं. काय प्रयोग केला, काय दिसलं, काय छापलं गेलं, आणि पावसाळ्याआधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या ही विनंती. डॉक्टरसाहेबांबद्दल एकही वावगा शब्द नाही. मी फक्त स्वल्पविराम घातले. खाली दोघांच्या सह्या.

मी ते पान घेऊन आरोग्य खात्याच्या कचेरीत गेलो. तिथले बाबूजी म्हणाले, "साहब, दफ्तर तो अभी ग्वालियर में है. वहाँ भेजिए." आपली राजधानी उन्हाळ्यात इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला, हे मी नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांच्या शेजारी बसूनही विसरलो होतो. ग्वाल्हेरला पाठवलं. ते तिथं पोचलं तेव्हा दफ्तर बांधून इंदूरला निघण्याची तयारी चालली होती. त्या गठ्ठ्यांत ते बांधलं गेलं आणि परत आलं. माझी तक्रार ग्वाल्हेर बघून आली, मंडळी. मी अजून बघितलेलं नाही. इंदुरात गठ्ठा सुटला, कुणीतरी जबाबदार अधिकाऱ्यानं ती वाचली आणि नियमाप्रमाणे शेरा मारला: संबंधित विभागप्रमुखांकडे अभिप्रायार्थ.

संबंधित विभागप्रमुख म्हणजे कोण, ते आपल्या ध्यानात आलंच असेल.

डॉक्टरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. तक्रार त्यांच्यासमोर टेबलावर. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "दिघे, हे स्वल्पविराम तुमचे. इंदुरात एका वाक्यात इतके दुसरं कुणी घालत नाही."

मी कागदावरचे स्वल्पविराम मोजू लागलो.

"त्या मुलीनं तुम्हाला भरीला घातलं. अनुभव नाही, जागा कच्ची. तुम्ही एवढंच लिहून द्या की सही गैरसमजातून झाली. तुमचं नाव मी यातून काढून टाकतो. मग फक्त तिचं राहील. पुढचं मी बघून घेईन."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं सत्य आणि विज्ञान नव्हतं. पेन्शन होतं. कुमुदिनीबाईंचं पुढं काय बघून घेतलं जाईल तेही दिसत होतं. मला काहीतरी बाणेदार बोलायचं होतं. इतकी पुस्तकं वाचली, एक वाक्य आठवेना. शेवटी तोंडातून निघालं ते असं: "डॉक्टरसाहेब, स्वल्पविराम माझे आहेत, तर सहीपण माझीच राहू द्या."

एवढं बोलून मी तडक उठलो, दार उघडलं आणि ताठ मानेनं आत शिरलो. ते दार बाहेरचं नव्हतं. ती बेडकांच्या बरण्या ठेवायची खोली. तिला दुसरं दार नाही. थोडा वेळ मी बेडकांच्या सहवासात उभा राहिलो आणि मग पुन्हा डॉक्टरसाहेबांच्या समोरून बाहेर आलो. जाताना "येतो" म्हटलं. आजच्या वक्त्यांपैकी एकानं ज्या 'ऐतिहासिक सभात्यागा'चा उल्लेख केला, तो हा.

त्यानंतरचे दिवस बरे नव्हते. तिथं मला विनोद सुचत नाही. बातमी शहरभर झाली. संध्याकाळी आपल्या मराठी मंडळात गेलो की माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. कुणी वाईट बोललं नाही. लोकांना नेमकं तेव्हाच पान आणायला जायचं असायचं. कुमुदिनीबाईंबद्दल मात्र बोललं गेलं. तरुण बाई, एकटी राहते, डॉक्टरांनी काही कारणानं दटावलं असेल त्याचा सूड घेतेय, असंही. मला मूर्ख ठरवून माफ करण्यात आलं. त्यांना ती सवलत नव्हती. त्या रोज वेळेवर यायच्या, बशा धुवायच्या, वर्ग घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, तुम्ही म्हणत असाल तर मागं घेऊ." त्या म्हणाल्या, "सर, आपण मागं घेतलं म्हणून जंतू थोडेच मागं जाणार आहेत?"

आणि मग एका संध्याकाळी आमच्या घरी अप्पासाहेब आले.

अप्पासाहेब, आपण अध्यक्षस्थानी असताना हे सांगतो आहे, आपली अनुज्ञा गृहीत धरतो. होळकरांच्या दरबारी ज्यांच्या तीन पिढ्या झाल्या, ते आमच्या लाकडी खुर्चीत बसले. म्हणाले, "दिघे, संस्थान गेलं. नव्या राज्यात आपण मराठी माणसं आधीच मूठभर. त्यात आपला एक माणूस नाव काढतोय, तर त्याच्याविरुद्ध तुम्ही ग्वाल्हेरला कागद पाठवता? घरात बोलायचं होतं."

मी सांगितलं की घरात बोललो होतो. पोह्यांचा भाग गाळला.

तेवढ्यात सुमन आतून आली. हातात ताटली, तीत पाण्याचा पेला. म्हणाली, "अप्पासाहेब, उकाड्यातून आलात, पाणी घ्या. बेटम्याच्या विहिरीचं आहे. डॉक्टरांची पूड घातली आहे, बघा कसं नितळ झालंय."

अप्पासाहेबांनी पेला उचलला. उजेडात धरला. खरोखर आरशासारखं पाणी. ओठांपर्यंत नेला. आणि थांबले. बराच वेळ तो पेला तसाच हातात राहिला. मग त्यांनी तो जपून खाली ठेवला.

सुमन म्हणाली, "माझ्या वहिनीला असं थांबायला कुणी सांगितलं नव्हतं."

अप्पासाहेब उठले. दारात वळून म्हणाले, "तपासणी पुन्हा होईल. माझ्यासमोर होईल." आज ज्याला धाडस म्हणायचं ते मला त्या खोलीत दिसलं. माझा शब्द फिरवायला आलेला मोठा माणूस स्वतःचं मत फिरवून गेला. किती मोठ्या माणसांना हे जमतं?

जाता जाता एक गोष्ट. अप्पासाहेब, ती आज प्रथमच सांगतो. तो पेला आमच्या नळाचा होता. मला तुम्ही गेल्यावर कळलं. पूड घालून दाखवलेल्या प्रयोगात पूडही नव्हती आणि बेटमाही नव्हतं. आमच्या घरचं संशोधन कुठं छापलं जात नाही, ते एका परीनं बरंच आहे. सुमनला मी तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "त्यांना खरंच प्यायला देऊ की काय? म्हातारा माणूस!"

...अप्पासाहेब हसताहेत. मी सुटलो.

तपासणी झाली. पाणी या खेपेला खरोखर बेटम्याहून आणलं होतं. पूड डॉक्टरसाहेबांनी स्वतःच्या हातानं मिसळली. थेंब कुमुदिनीबाईंनी पसरले. अप्पासाहेब, आरोग्य अधिकारी, सगळे समोर. बशा उबेत ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली अप्पासाहेबांच्या खिशात. उघडायच्या दिवशी पहिली बशी डॉक्टरसाहेबांनीच हातात घेतली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुसरी बघितली. तिसरी. मला वाटलं, आता ते म्हणतील हात स्वच्छ नव्हते. ते कुमुदिनीबाईंकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुमचे हात स्वच्छ होते."

बस्स, एवढंच. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला आणि निबंध मागं घेतल्याचं नियतकालिकाला कळवलं. कुणी भाग पाडलं नाही. पूड वाटली गेली नाही. पावसाळ्याआधी बेटम्याच्या विहिरींत नेहमीप्रमाणे लाल दवा पडली. शरदरावांची पोरं धडधाकट आहेत, त्यांतला थोरला मागं खिडकीत बसला आहे. डॉक्टरसाहेब पुण्याला मुलाकडे असतात. गेल्या साली भेटले. म्हणाले, "दिघे, माझा त्या पुडीवर इतका विश्वास होता की बशाच खोट्या वाटायच्या. पाणी नितळ करायला ती अजूनही उत्तम आहे, फक्त नंतर उकळावं लागतं." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे छापा." खूप हसले. मग डोळे पुसले.

आता कुमुदिनीबाई. वर्ष संपल्यावर त्यांची तात्पुरती जागा काटकसरीसाठी रद्द झाली. मी तेव्हाच्या प्राचार्यांकडे गेलो, भांडलो; या खेपेला दारही बरोबर उघडलं. उत्तर मिळालं की सर्व नियमानुसार आहे. आणि होतंच नियमानुसार! एकच जागा रद्द झाली, ती त्यांची. त्या आता देवासला मुलींच्या शाळेत अंकगणित शिकवतात.

म्हणजे हिशेब असा झाला, मंडळी. प्रयोग त्यांनी केला. पुन्हा पुन्हा केला. तक्रार त्यांनी लिहिली. नोकरी त्यांची गेली. आणि शाल मला मिळाली.

शाल उबदार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाता जाता दुसरी एक तक्रार करायची आहे. ही तोंडी करतो, कारण येत्या नोव्हेंबरात मध्यभारतच राहणार नाही, दफ्तरं भोपाळला जाणार, आणि माझ्या कागदांचा प्रवास आपण ऐकलाच आहे. उद्यापासून माझी जागा रिकामी होते. मी ऐकतो की ती आतल्या आत भरायचं घाटतं आहे. कुमुदिनीबाई आज आल्या आहेत. त्या तिथं, खांबाला टेकून बसल्या आहेत, आणि माझ्याकडे फारशा प्रेमानं बघत नाहीत. मी त्यांना विचारलं होतं की तुमच्यासाठी शब्द टाकू का. त्या म्हणाल्या, "सर, शब्द नको. जाहिरात काढायला सांगा, मुलाखती घ्यायला सांगा. माझ्यापेक्षा चांगला कुणी आला तर त्याला घ्या. पण मला अर्ज करता येऊ द्या."

अध्यक्षमहाराज, एवढीच माझी मागणी आहे. इतक्या लोकांसमोर आपल्याला अडचणीत टाकलं हे मला कळतं. मुद्दामच टाकलं. एकट्यात भेटलो असतो तर मी पुन्हा उन्हाळ्याबद्दलच बोललो असतो.

...अप्पासाहेब काही म्हणताहेत. मागच्या मंडळींना ऐकू आलं नसेल, म्हणून मी मोठ्यानं सांगतो. ते म्हणाले, "दिघे, बसा खाली आता. जाहिरात निघेल." आणि प्राचार्यसाहेबांनी मान डोलावली, ती मी पाहिली, आपणही पाहिली.

आभार किती जणांचे मानू? ज्या विद्यार्थ्यांनी माझे वर्ग जागेपणी ऐकले त्यांचे, ज्यांनी झोपेत ऐकले पण घोरले नाहीत त्यांचेही. सहकाऱ्यांचे, ज्यांनी त्या दिवसांनंतर माझ्या शेजारच्या खुर्चीवर पुन्हा बसायला सुरुवात केली. सुमनचे, जिनं मला सिंह कधीच मानलं नाही आणि तरीही घरातून बाहेर पाठवलं. अध्यक्षांचे तर आहेतच.

बोलण्यात मर्यादा सुटली असेल, कुणाला काही लागलं असेल, तर म्हाताऱ्याची वटवट समजून मनाबाहेर टाका. माझ्या बोलण्यातलं सगळं विसरलात तरी चालेल. जाहिरातीचं तेवढं लक्षात ठेवा.

नमस्कार.